वरच्या वस्तीची गाडी

कंडक्टरने घंटीची दोरी ओढली, गाडी जेमतेम हलली आणि त्याने लगेच पुन्हा दोरी ओढून ती थांबवली. चौकाच्या पलीकडून थोरली काकू काठी उंचावत येत होती. चाल गोगलगाईची, पण आवाज असा खणखणीत की ड्रायव्हरला आरशात बघायची गरजच पडली नाही.

"तुझ्या बापाची गाडी आहे का रे, मला टाकून चाललास ते?"

"तुमचीच आहे, काकू. म्हणून तर थांबलो." कंडक्टरने खाली उतरून तिचा दंड धरला. "सावकाश चढा. आजच पोचायचंय आपल्याला."

काकू धापा टाकत चढली, सगळ्या गाडीवर एक नजर फिरवली आणि मधल्या बाकावर खिडकीशी बसलेल्या पुतणीला बघून थबकली. मग जावेकडे वळून म्हणाली, "ही कशी काय आज?"

"आली," आई म्हणाली. तिने त्याहून जास्त काही सांगितले नाही, कारण तिलाही माहीत नव्हते.

लेक आदल्या संध्याकाळी शहरातून आली होती. नवऱ्याला आणि मुलाला घरी ठेवून, रविवारची सुट्टी साधून, आईबरोबर वर जायचे असे तिने ठरवले होते. या गोष्टीचे आईला वाटायला हवे होते तेवढे कौतुक वाटलेले दिसत नव्हते.

"तिथून ऊठ आधी," आई म्हणाली. "ती मुकादमाची जागा आहे."

"अगं, सगळी गाडी मोकळी पडलीय."

"मग तू बस ना दुसरीकडं."

मुकादम मागे उभाच होता. हाडकुळा, पांढऱ्या मिशांचा, टोपी काढून हातात धरलेला. उभ्या आयुष्यात तो एकदाच, तेही काही महिने, रस्त्याच्या कामावर मुकादम होता, पण नाव मात्र कायमचे चिकटले. "बसू दे, बसू दे," तो म्हणाला, पण हलला नाही. लेक उठून आईशेजारी जाऊन बसली, तेव्हा कुठे त्याने टोपी डोक्यावर घातली आणि खिडकी उघडली.

गाडीच्या कपाळावर 'वरची वस्ती' अशी पाटी होती. वरच्या वस्तीत कोणी राहत नव्हते.

लेक लहान होती, नुकतीच शाळेच्या वयाला आलेली, तेव्हा आदिवासी विकास कचेरीने सगळी वस्ती डोंगरावरून खाली आणली. चौकाजवळच्या उघड्या माळावर पत्र्याच्या छपरांची घरे ओळीने बांधून दिली आणि त्या ओळींना वसाहत असे नाव दिले. नळ आला, शाळा आली, दवाखान्याची पांढरी गाडी येऊ लागली. दिलेला शब्द कचेरीने बऱ्यापैकी पाळला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्याच सुमारास बांधकाम खात्यात वरच्या वस्तीला जाणाऱ्या रस्त्याची एक फाईल पडलेली होती. तिचे घोंगडे इतकी वर्षे भिजत पडले की खात्यालाही तिचा विसर पडला. मग एका वर्षी कुठूनसा निधी आला, वर्ष संपायच्या आत तो खर्ची टाकायचा होता, आणि शोधाशोध करताना फाईल हाती लागली. एका खात्याने माणसे हलवली हे दुसऱ्या खात्याला कोणी कळवले नव्हते. दुसऱ्यानेही विचारले नव्हते. नकाशावर वस्ती होती, तिथवर काळीभोर डांबरी सडक गेली. पुढे आणखी एक योजना निघाली, की जिथे सडक तिथे बस. मग बसही जाऊ लागली. सकाळी वर जायची, ऊन कलले की खाली यायची.

सुरुवातीला ती रिकामीच जायची. एका रविवारी आई आणि थोरली काकू, नुसते बघून तर येऊ, असे म्हणत तीत बसल्या. संध्याकाळी त्या परतल्या त्या एका शब्दाने न बोलता. पुढच्या रविवारी मुकादम त्यांच्याबरोबर होता. असे करता करता वसाहतीतली सगळीच म्हातारी मंडळी रविवारची वाट बघू लागली.

लेकीला हे फोनवरून तुकड्यातुकड्याने कळले होते. "जरा वर जाऊन आले," आई सांगायची, आणि लेकीला वाटायचे, बरे आहे, तेवढाच विरंगुळा. लेक आता त्याच विकास कचेरीत नियोजनाचे काम बघत होती. तिच्या टेबलावर तोट्यातल्या बसफेऱ्यांचा आढावा आला आणि त्यात वरच्या वस्तीपुढे 'लोकसंख्या शून्य' असे तिने वाचले, तेव्हा तिला आधी हसू आले होते. मग साहेबांनी बोलावून घेतले.

"तुमच्याच भागातलं आहे ना हे? मग अभिप्राय तुम्हीच द्या. शून्य माणसांसाठी रोज बस! उद्या कोणी पेपरात छापलं तर तोंड दाखवायला जागा राहायची नाही."

साहेब माणूस वाईट नव्हता आणि चुकीचे काही बोलतही नव्हता. अभिप्राय सोमवारी, म्हणजे उद्या द्यायचा होता. त्यात काय लिहायचे हे उघड होते. ते लिहिण्याआधी आईच्या कानावर घालावे, समोर बसून घालावे, एवढ्यासाठी ती आली होती. फोनवर तिची जीभ रेटली नसती.

कंडक्टर कोणाला न विचारता तिकिटे फाडत आला. लेकीपाशी येऊन मात्र अडखळला.

"मॅडम, तुम्ही तपासणीला?"

"आईबरोबर आलेय."

"मग ठीक." त्याने मोठा श्वास सोडला. "नाही, काय आहे, ही फेरी म्हणजे आमचं माहेर. वर गेलं की तंगड्या पसरून झोप. म्हटलं, कोणाची नजर लागली की काय."

लेकीने तिकीट घडी घालून मुठीत धरले आणि खिडकीबाहेर पाहिले.

चढ लागला. रस्ता डोंगराला लपेटत वर जाऊ लागला तशी मंडळींची तोंडे उघडली. प्रत्येक वळणाला कोणीतरी काहीतरी दाखवत होते. इथे आमची शेळी पडली होती. इथे पाणी पाझरायचे. मुकादम एका दगडी कठड्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हा माझ्या हातचा. बघ, कुठं चीर तरी दिसते का."

"काका, रस्त्याच्या कामावर सगळी वसाहतीतलीच माणसं होती ना?"

"दुसरं कोण? रोजगार दाराशी आलेला."

"मग वर कोणी राहत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं."

"ठाऊक म्हणजे! आम्हीच नव्हे का उतरलो?"

"मग साहेबांना सांगितलं का नाही कोणी?"

मुकादमाने मिशीवरून हात फिरवला. "साहेबांनी कुठं विचारलं? आणि सांगितलं असतं तर काम बंद नसतं केलं त्यांनी? सगळ्या वसाहतीनं अळीमिळी गुपचिळी केली. पोरासोरांनीसुद्धा. शेवटच्या दिवशी डांबर पसरून झालं, तर ठेकेदार म्हणतो, अरे गाव कुठाय? मी म्हटलं, दुपारची वेळ आहे, सगळे कामाला गेले असतील."

थोरली काकू पदर तोंडाला लावून हसू लागली. तिच्या हसण्याने पुढचा बाक हसला, मग ड्रायव्हरही. ही गोष्ट दर रविवारी सांगितली जात असणार आणि दर रविवारी माणसे अशीच हसत असणार. लेकही हसली. त्या गमतीवर आता तिलाच सही करायची होती.

डांबर जिथे संपत होते तिथे गाडी वळवण्यापुरती गोल जागा होती. तिच्यापलीकडे एक मोठे झाड आणि मग उघड्यावर पसरलेली जोती. उतरताना लोकांनी वासे, कूड, दारे, सगळे खाली नेले होते. राहिले होते ते फक्त हातभर उंचीचे मातीदगडाचे चौथरे. आजूबाजूला गुडघाभर गवत माजले होते, पण काही जोत्यांवर काडी दिसेल तर शपथ.

गाडीत इतका वेळ कलकलाट करणारी माणसे उतरल्यावर एकदम गप्प झाली. कोणी कोणासाठी थांबले नाही. बाहेरगावाहून आलेला माणूस आधी आपले घर गाठतो, तशी जो तो आपापल्या जोत्याकडे गेला. कडेला चपला काढल्या. डहाळ्यांचे खराटे कुठून कुठून निघाले आणि झाडलोट सुरू झाली. आईने बाटलीतले पाणी ओंजळीत घेऊन पुढच्या मोकळ्या जागेत शिंपडले. ओल्या मातीचा वास सुटला आणि लेक तिथेच थबकली. कशाची आठवण झाली हे तिला सांगता आले नसते.

"जा, काकूकडून काड्यापेटी आण," आई म्हणाली. "आणि विचार, साखर आहे का म्हणून."

काकूचे घर पुढच्या ओळीत होते. ती तीन दगडांपाशी उकिडवी बसून काटक्या मोडत होती. लेक गवत तुडवत गेली आणि जोत्यावर पाय देऊन सरळ तिच्याकडे निघाली.

"अगं ए! भिंतीतून कुठं शिरतेस?"

लेक जागच्या जागी थिजली. काकूच्या कपाळावर आठी होती, खरीखुरी. समोरच्या घरात झाडणाऱ्या मुकादमाने, दुसऱ्याच्या घरातले भांडण ऐकू आल्यावर माणूस करतो तसे, सभ्यपणे पाठ फिरवली.

"दार तिकडं आहे," काकू म्हणाली.

लेक खाली उतरली, जोत्याला वळसा घालून पुढच्या बाजूला गेली आणि काठीने दाखवलेल्या जागेवरून आत आली. काकूची आठी गेली. "ये, बस. किती दिवसांनी पाऊल वळवलंस."

मग तिच्या ध्यानात आले की सगळे तसेच करत होते. या घरातून त्या घरात जाताना कोणीही वाट कापत नव्हते. अंगणातून दाराशी यायचे, "आहे का घरात?" म्हणून विचारायचे, आतून "या" आले की मगच पाय ठेवायचा. मुकादम उंच होता. तो थोड्या वेळाने पाणी मागायला आला, तेव्हा काकूच्या दारातून आत शिरताना त्याने मान लववली. तिथे डोक्याला लागण्यासारखे आभाळाशिवाय काही नव्हते. कोणी हसले नाही. लेकीला तर हसू येणे शक्यच नव्हते. तिला वाटले, आपण नकाशे बघतो, आराखडे करतो, आणि आपल्या स्वतःच्या काकूचे दार कुठे होते हे आपल्याला आठवत नाही.

काड्यापेटी आणि काकूकडची उरलीसुरली साखर घेऊन ती दाराने बाहेर पडली आणि आईच्या घरी दाराने आत गेली. आईला ते बघून बरे वाटलेले दिसले.

"इथं तू झोपायचीस," आईने एका कोपऱ्याकडे हात केला. "इथं मडकी. इथं माझी चूल. आणि ते तिथं बाबा बसायचे."

बाबा बसायचे तो कोपरा सगळ्यात स्वच्छ होता. आई तिथे बसत नव्हती.

लेकीला बाबांची एकच चित्रासारखी आठवण होती, आणि ती इथलीच होती. घराची चौकट खांद्यावर घेऊन ते उतरणीला लागले होते आणि ती पोत्यांच्या ढिगावर बसून, पेरूचे झाड सोबत न्या म्हणून भोकाड पसरून रडत होती. बाबा वळून म्हणाले होते, खाली दुसरे लावू. खाली लावलेले जगले नाही. बाबाही रस्ता व्हायच्या आधीच गेले. घर इतके लहान होते याचे तिला नवल वाटत राहिले. शहरातल्या तिच्या स्वयंपाकघरात ते मावले असते. आणि तरीही तिथे बसल्या बसल्या, जे घर धड आठवतही नव्हते त्याच्यासाठी तिचा जीव कासावीस झाला.

"आई, उतरलात त्याचं वाईट वाटतं का गं तुला?"

"छे." आईने काडी ओढली. "तुझ्या बाबांनी सभेत पहिला हात वर केला होता. भाऊबंद चिडले, काकूनं तर बरेच दिवस अबोला धरला. ते म्हणाले, पोरीला शाळा पाहिजे. त्यांचं बरोबरच होतं. तू शिकलीस, कचेरीत खुर्चीवर बसलीस. वाईट कशाचं वाटायचं?" चूल पेटली. धूर डोळ्यांत गेल्यामुळे तिने पदराने डोळे पुसले. "आठवण येते. ती काय कोणाला विचारून येते का?"

चहा झाला. सगळे आईच्या अंगणात जमले होते, कोणी दगडावर, कोणी मांडी घालून. झाडाखाली ड्रायव्हर आणि कंडक्टर तोंडावर रुमाल टाकून झोपले होते. आता सांगितले नाही तर पुन्हा सांगणे व्हायचे नाही, असे वाटून लेकीने कप खाली ठेवला.

"एक सांगायचं होतं. ही गाडी बंद होणार आहे."

काकूची बशी ओठांपाशी थांबली. "कोण बंद करणार?"

"कचेरी."

"कुठली?"

"आमचीच."

"आणि तसं लिहिणार कोण?"

लेकीने मान खाली घातली. "मी. उद्या."

तिने वाटेत किती तयारी केली होती. कोणी रडले तर काय म्हणायचे, कोणी चिडले तर काय म्हणायचे. कोणी रडले नाही, चिडलेही नाही. मुकादमाने एवढेच विचारले, "रस्ता नाही ना उखडणार?"

"नाही काका."

"मग असू दे." तो म्हणाला आणि स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत राहिला. ते गुडघे हा चढ चढणार नव्हते हे सगळ्यांना दिसत होते. काकूच्या काठीबद्दल तर बोलायलाच नको.

"पण आम्ही तिकीट काढून बसतो की," आई म्हणाली. "फुकट थोडंच."

"तिकिटाचं नाही आई. ती वस्तीसाठीची गाडी आहे आणि इथं वस्ती शून्य धरलीय. तुम्ही सगळे खाली वसाहतीत मोजलेले. इथं राहणारं माणूस पाहिजे."

"आम्ही काय, इथं दिवसभर असतो."

"असणं वेगळं, राहणं वेगळं. राहणारं म्हणजे रात्री इथं असणारं. घरात चूल पेटलेली पाहिजे. कचेरी असंच धरते."

"अस्सं," आई म्हणाली.

ती उठली आणि कप गोळा करू लागली. काकूही उठली. लेकीला वाटले, एवढ्यावर निभावले. तिला हलके वाटायला हवे होते, पण वाटले नाही. ती झाडापलीकडे, जिथे पेरूचे झाड असावे असे तिला वाटत होते तिथे, गवतात शोधत हिंडत राहिली. ते झाड काही सापडले नाही. दुरून तिला म्हातारी माणसे या घरातून त्या घरात जाताना दिसत होती, दाराशी थांबून, विचारून. शेवटची भेट म्हणून एकमेकांकडे जात असतील, असे तिच्या मनात आले आणि तिने पुन्हा तिकडे बघितले नाही.

ऊन कलले. ड्रायव्हरने तोंडावर पाणी मारले, गाडी सुरू करून वळवली आणि हॉर्न दिला. लेक लगबगीने परत आली, दाराने आत शिरली आणि आईची पिशवी उचलली.

"चल आई."

आई चुलीपाशी बसलेली होती. तिने आणखी एक लाकूड आत सारले.

"तू हो पुढं. तुझी खालून शहराची गाडी चुकेल."

"म्हणजे?"

लेकीने सभोवार पाहिले. काकू आपल्या दगडांपाशी काटक्यांची मोळी लावत होती. मुकादमाने सदरा काढून फांदीवर टाकला होता आणि तो गवत कापून जोत्यावर पसरत होता. घराघरातून धूर निघत होता.

"आई, हे काय चाललंय?"

"राहतोय," आई म्हणाली.

"इथं? डोक्यावर छप्पर नाही!"

"उन्हाळा आहे."

"साप आहेत, विंचू आहेत."

"त्यांची आपली जुनी ओळख आहे, पोरी," मुकादम आपल्या घरातून म्हणाला.

लेक आईसमोर खाली बसली. तिचा आवाज चढला. "असा हट्ट करून कचेरीत काही चालत नसतं. एक रात्र काढून काय होणार? काकूचं वय काय, तुझा रक्तदाब काय! गोळ्या तरी आणल्यात का?"

"रात्रीची आहे पिशवीत." आई जराशी थांबली. "उद्याची नाही." तेवढ्यापुरती ती डगमगल्यासारखी वाटली. मग तिने लेकीच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तुला आठवत नसेल. तेव्हाचे साहेब याच अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आम्ही म्हटलं, आम्हाला इथंच काय ते द्या. ते हसले. चांगले होते बिचारे. म्हणाले, रस्ता, गाडी इथवर कधीच येणार नाही. सोय माणसाकडं येत नसते, माणसानं सोयीकडं जायचं असतं. आम्हाला पटलं. आम्ही गेलो." तिने बोट करून डांबराच्या टोकाशी धुरधुरत उभी असलेली बस दाखवली. "आता सोय तिथं उभी आहे. मग आम्ही कुठं जायचं, तूच सांग."

लेकीने बसकडे पाहिले. कचेरीत दिवसभर ती याच भाषेत बोलत असे.

"आणि खाली माझं काय राहिलंय गं?" आई हळू आवाजात म्हणाली. "तुझ्या शाळेसाठी उतरले होते. शाळा झाली."

"मी लिहू काय आता, आई?"

"खरं ते लिही. चूल पेटलीय का नाही, बघ आणि लिही. खोटं लिही असं मी कशाला सांगेन?"

कंडक्टर बिचकत बिचकत अंगणाच्या कडेपर्यंत आला होता. "चला मंडळी, उशीर होतोय."

"आज येत नाही रे बाबा," काकूने आपल्या दारातून सांगितले. "तुम्ही निघा. घाटात सावकाश जा."

कंडक्टरने डोके खाजवले, एकेका जोत्याकडे पाहिले आणि लेकीकडे वळला. "मॅडम, मी काय करू?"

ती उठली. आईची पिशवी तिने परत आईच्या हाताशी ठेवली, आणि मागे न बघता गाडीत जाऊन बसली. सगळी गाडी तिची एकटीची होती. घंटी वाजली, बराच वेळ काहीच झाले नाही, मग दुसऱ्यांदा वाजली आणि गाडी हलली.

वळणापाशी मात्र तिने मान वळवली. आई उठून पुढे आली होती आणि हात हलवत होती. लेक दर वेळी शहराकडे निघताना ती वसाहतीतल्या पत्र्याच्या घरापुढे उभी राहायची, आणि लेकीला नेहमी वाटायचे की आई त्या दारात पाहुण्यासारखी दिसते. आज ती घरच्या बाईसारखी उभी होती. लेकीला रडू फुटले. ते तिने आवरलेही नाही, गाडीत बघायला होते कोण?

दोन-चार वळणे गेल्यावर तिने ओढणीने तोंड पुसले आणि पुढच्या बाकावर टेकलेल्या कंडक्टरला हाक मारली.

"उद्या सकाळच्या गाडीत सामान टाकता येईल ना?"

"येईल की. काय सामान?"

"आईच्या गोळ्या. सगळ्यांची अंथरुणं, घरोघर जाऊन गोळा करते मी रात्रीच. पाण्याचं पिंप. ताडपत्री मिळाली तर दोन-तीन." ती थोडा विचार करून म्हणाली, "आणि साखर. काकूकडची संपलीय."

कंडक्टरने बोटांवर काहीतरी हिशेब केला. "एका खेपेत नाही मावायचं एवढं, मॅडम. उरलेलं परवा नेऊ, तेरवा नेऊ. पण..." त्याने ड्रायव्हरच्या पाठीकडे एकदा पाहिले आणि आवाज खाली आणला. "आमच्या डेपोत बोलणं चाललंय, ही गाडी बंद होणार म्हणून. तिथं लोकसंख्या शून्य आहे म्हणतात."

"कोण म्हणतं?" लेक म्हणाली. "माझी आई राहते तिथं."